अकरा वीसची दाढ

१

तिसऱ्या गुरुवारी पुन्हा तेच झालं, आणि या वेळी डॉक्टरीणबाईंनी मला फोनवर न सुनावता बोलावून घेतलं.

"ही खुर्ची बघा," त्या म्हणाल्या. "दिसते ना? रिकामी आहे."

दिसत होती. दातांच्या दवाखान्यातली खुर्ची, मागे कललेली, वरचा दिवा चालू, बाजूच्या ट्रेमध्ये हत्यारं मांडून ठेवलेली. भिंतीवरच्या घड्याळात अकरा पस्तीस झाले होते.

"अकरा वीसची अपॉइंटमेंट. तुमच्या वेबसाइटवरून घेतलेली. चाळीस मिनिटं राखून ठेवलेली. पेशंटचा पत्ता नाही. फोन लावला तर नंबर बंद. गेल्या गुरुवारी हेच, त्याच्या आधीच्या गुरुवारी हेच. आणि आज सकाळी एक निवृत्त शिक्षिकाबाई गाल धरून आल्या होत्या. एवढा सुजलेला. त्यांना मी परत पाठवलं, जागा नाही म्हणून. कुणासाठी? जो माणूस जगात नाही त्याच्यासाठी."

"मी बघतो, डॉक्टर."

"तीन आठवडे बघताच आहात."

आमचा धंदा छोट्या लोकांच्या वेबसाइट बनवायचा आणि त्यांची रोजची कटकटीची कामं प्रोग्रामवर टाकायचा. पेशंटने वेळ निवडली की ती वहीत चढते, आदल्या दिवशी त्याला आठवण जाते, असली कामं. आमचा म्हणजे माझा आणि बायकोचा. दिसणारी बाजू माझी, न दिसणारी तिची. ती जाऊन आठ महिने झाले. आता दोन्ही बाजू माझ्याकडे आहेत, आणि न दिसणारी बाजू मला अजूनही दिसत नाही.

डॉक्टरीणबाईंनी दिवा बंद केला. "मला माहीत आहे हे कोण करतंय. काउंटरवरच्या ताई सोडून गेल्या कधी? तीन आठवड्यांपूर्वी. हे सुरू झालं कधी? तीन आठवड्यांपूर्वी. सात वर्षं सांभाळलं मी त्यांना. आता चष्म्याच्या दुकानात गेल्यात, घराजवळ पडतं म्हणून. तिथे अजून कायम झालेल्या नाहीत. मालकाने मला विचारलंय, बाई कशी आहे ते लिहून द्या. सोमवारी दुपारपर्यंत."

"मग?"

"मग तुम्ही मला एक ओळ लिहून द्यायची. की हे आतली माहिती असलेल्या माणसाचं काम आहे. ती मी पत्राला जोडते."

ती ओळ गेली की ताईंची नोकरी गेली, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. आणि ओळ नाही दिली तर दवाखान्याचं काम माझ्याकडून जाणार, हे मला एकट्याला कळत होतं. बाकीची पाच गिऱ्हाइकं याच बाईंच्या सांगण्यावरून आलेली आहेत.

"सोमवारी सकाळी देतो," मी म्हणालो.

२

बाहेर काउंटरवर नवी बाई बसली होती. तिचा माझ्या वेबसाइटवर माझ्यापेक्षा जास्त राग होता.

"तुम्हीच का ते? बरं झालं भेटलात. हे कॅन्सल करायला गेलं की कारण विचारतं. कारण लिहिल्याशिवाय बटणच दाबलं जात नाही. पेशंट नाही म्हणाला, एवढं पुरत नाही का? रोज काय निबंध लिहू?"

"माझ्या मिसेसनी केलंय ते."

"मग त्यांना सांगा काढायला."

शेजारच्या मदतनीस बाईने तिला कोपर मारलं. नवी बाई गोरीमोरी झाली आणि उगाच कीबोर्ड पुसायला लागली.

मी तिला यादी उघडायला सांगितली. तीन गुरुवार, तीन नोंदी. नावं वेगवेगळी, साधी, कुठेही सापडतील अशी. नंबर मात्र तिन्हींचा एकच, आणि तो बंद. तक्रारीच्या रकान्यात 'दाढदुखी'. तिन्ही नोंदी सोमवारी सकाळी सात दहाला आलेल्या.

"सात दहालाच?"

"मी नऊला येते. आले की दिसते. मला वाटतं, खरीच असेल."

"याच्या आधी कधी असं काही?"

तिने यादी मागे सरकवली. आठ महिने, वर्ष. गुरुवारच्या अकरा वीसला कधी कुणी, कधी कुणी, सगळे खरे पेशंट, आलेले, उपचार झालेले. खोटं एकही नाही. या यादीत रद्द झालेल्या नोंदी दिसत नाहीत. डॉक्टरीणबाईंनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, मला कचरा दाखवू नका, म्हणून मीच तशी बनवली.

"ताईंनी जाताना काही सांगितलं होतं?"

"वही ठेवलीय." तिने खणातून एक वही काढली. स्वच्छ अक्षर. मंगळवार: हातमोज्यांची ऑर्डर. बुधवार: उद्याच्या पेशंटना आठवण गेली का बघणे. शुक्रवार: लॅबचा माणूस येतो, कवळ्या मोजून घेणे. मग बोट ठेवून ती म्हणाली, "आणि हे. सोमवार: नेहमीचं करणे. आता नेहमीचं म्हणजे काय हो? कुणालाच माहीत नाही. मी आपलं झाडांना पाणी घालते."

मी झाडाकडे बघितलं. ते प्लास्टिकचं होतं.

३

घरी गेलो तर सासरे जेवायचे थांबले होते. ते माझ्याकडेच राहतात. मुलगी गेल्यावरही जावयाकडे, याचं लोकांना नवल वाटतं. आम्हाला दोघांनाही दुसरं काही सुचलं नाही, एवढंच.

त्यांनी फ्रिजमधली बाटली काढली, दोन ग्लास भरले आणि माझ्या ग्लासात नळाचं साधं पाणी मिसळलं.

"बाबा, मला गारच चालतं."

"हो का?" ते म्हणाले. रोज म्हणतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा मिसळतात.

मी सगळी हकिगत सांगितली. ते म्हणाले, "त्या तुमच्या स्वस्तवाल्याला विचारा. जावईबापू, तुमचं वाईट चिंतणारा जगात तो एकच माणूस आहे, आणि तोही अर्धवेळ."

स्वस्तवाला दोन वर्षं आमच्याकडे होता. मग स्वतःचं दुकान काढलं. आम्ही जे काम महिनाभर करतो ते मी आठ दिवसांत करून देतो, असं सांगत फिरतो. ते खोटं नाही. नवव्या दिवशी काय होतं ते तो सांगत नाही. दवाखान्याचं काम त्याला हवं होतं, हे मला माहीत होतं.

दुपारी त्याच्याकडे गेलो. खुर्ची न देताच म्हणाला, "तुझी साइट पाडायला मी कष्ट घेईन? ती आपली आपण पडते."

"खोट्या नोंदी कोण करतंय?"

"कुठल्या साइटवर? दवाखान्याच्या?" तो हसायचा थांबला. "तिथे बाहेरून खोटी नोंद जायची नाही. मी करून बघितलंय."

"काय केलंयस?"

"अरे, मागे. गंमत म्हणून. वहिनींनी दाराशी असा काही पहारा बसवलाय की प्रोग्राम आत शिरतच नाही. माणूस आहेस का, ते तीन प्रकारे विचारतं. ज्याच्याकडे आतली किल्ली आहे, त्यालाच सोडतं. म्हणजे तू, त्या दवाखान्यातलं कुणीतरी, नाहीतर..." तो थांबला. मग आवाज उतरवून म्हणाला, "त्यांच्यासारखं काम मला जमलं नाही, हे मी तुलाच सांगतोय. बाहेर बोलू नकोस. आठवतं ना, प्रोग्रामला लिहायला द्यायचं, खोडायला द्यायचं नाही? खोडायचं काम माणसाने करायचं. मी एकदा जुन्या नोंदी आपोआप पुसणारा प्रोग्राम लिहिला, तर दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलल्या, ते ऐकण्यासारखं नव्हतं."

मी उठलो. मनातून याच्यावर ढकलायची माझी तयारी झाली होती. आता राहिलं दवाखान्यातलं कुणीतरी. डॉक्टरीणबाई स्वतःची खुर्ची रिकामी ठेवणार नाहीत. नव्या बाईला कॅन्सलचं बटण धड दाबता येत नाही.

ताईच उरत होत्या.

४

चष्म्याचं दुकान शुक्रवारी दुपारी रिकामं होतं. ताई काउंटरमागे उभ्या राहून काचा पुसत होत्या. मला बघून त्यांचा चेहरा उजळला, आणि माझा चेहरा बघून पुन्हा मावळला.

"बसा ना, सर. जेवण झालं का? बाबा कसे आहेत?"

मी बसलो नाही. कालपासून माझी झोप, जेवण, सगळ्याचं खोबरं झालं होतं आणि मला कुणावर तरी ओरडायचं होतं. "ताई, दवाखान्यात दर गुरुवारी अकरा वीसला कुणीतरी खोटी अपॉइंटमेंट घेतंय."

त्यांचा हात थांबला. "सोमवारी सकाळी येते ती?"

मी सोमवारचं त्यांना सांगितलं नव्हतं.

"तुम्हाला कसं माहीत?"

"म्हणजे ती नोंद तशीच राहते? कुणी बघत नाही?"

"मी विचारतोय, तुम्हाला कसं माहीत? तीन आठवडे तुम्ही दवाखान्यात नाही. नोंदी सोमवारी येतात हे मला काल कळलं. मग तुम्हीच करताय हे."

दुकानाच्या मागच्या खोलीतून मालकाने डोकावून बघितलं. ताईंनी त्याच्याकडे बघून मान हलवली, काही नाही म्हणून. मग चष्मा खाली ठेवला, फडक्याची नीट घडी घातली.

"सर, तुम्ही विचारायला आलात, का ठरवून आलात?"

"डॉक्टर सोमवारी तुमचं पत्र लिहिणार आहेत. माझ्याकडून एक ओळ मागितलीय."

"द्या मग."

"ताई, जे असेल ते सांगा, मी..."

"माझ्या नव्या जागेवर येऊन, मालकाच्या देखत तुम्ही मला चोर म्हणालात. आता मी काय सांगितलं तरी ते चोराने दिलेलं कारण होणार. एकच विचारते. मॅडम गेल्यापासून सात महिने मी त्या काउंटरवर होते. तेव्हा हे का नाही झालं?"

"कारण तेव्हा तुम्ही तिथे नोकरीला होतात."

"बरोबर," त्या म्हणाल्या. "आता घरी जाऊन याच उत्तराचा नीट विचार करा."

दारावरची घंटा वाजली. एक बाई मुलीला घेऊन आत आली. ताई त्यांच्याकडे वळल्या, "या, या, नंबर काढायचाय का?" आणि मी तिथे उभाच नसल्यासारखं झालं.

५

घरी गेलो, पण विचार केला नाही. मी त्यांच्याविरुद्ध पुरावा शोधत होतो.

इंटरनेटच्या प्रत्येक जोडणीला एक आकडा असतो, घराला पत्ता असावा तसा. त्या तीन नोंदी कुठल्या आकड्यावरून आल्या, ते ज्यांच्या सर्व्हरवर आमच्या साइट ठेवल्या आहेत त्या कंपनीकडे होतं. गुरुवारपासून मी त्यांना विचारत होतो आणि गुरुवारपासून एकच उत्तर येत होतं: आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. हे उत्तर माणूस लिहीत नाही. मला पक्कं माहीत आहे, कारण असली उत्तरं पाठवणारे प्रोग्राम आम्हीही बनवून दिलेत. आपल्याच औषधाची चव बघत बसलो होतो.

शनिवारी सकाळी अकराव्या पत्राला एका जिवंत माणसाने उत्तर दिलं. तिन्ही नोंदींचा आकडा एकच होता. तो मी शोधून बघितला. मग शेजारच्या खिडकीत आपल्या घराच्या जोडणीचा आकडा उघडला, ताडून बघायला म्हणून, सवयीने.

दोन्ही एकच होते.

मी उठून बैठकीच्या खोलीत गेलो. सासरे टॅब्लेटवर बातम्या वाचत होते. या घरात माणसं दोन. त्यातला मी नाही, हे मला ठाऊक होतं.

"बाबा, सोमवारी सकाळी सात दहाला तुम्ही काय करता?"

"ही काय पोलिसी भाषा?"

"सांगा ना."

"सात वाजता उठतो. सात दहाला कवळी शोधतो."

"तुम्ही कधी दातांच्या डॉक्टरची वेळ घेतली? यावरून?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग हात तोंडाशी नेला, खालची कवळी काढली आणि तळहातावर ठेवून माझ्यापुढे धरली. "जावईबापू," ते बोबडं बोलले, "मला दाढ कुठून दुखायची? दुखलीच तर वाटीत ठेवून पाठवून देईन."

मला हसू आलं नाही. मी खाली बसलो. कंपनीच्या माणसाने नोंदींचा संपूर्ण मजकूर पाठवला होता, तो मी मोठ्याने वाचला. दवाखान्याच्या यादीत पहिला शब्दच दिसतो. पुढचं बघायचे कष्ट मी घेतलेच नव्हते.

"दाढदुखी. खाली उजवीकडची, शेवटून दुसरी. गार पाणी लागतं. डाव्या बाजूनेच खावं लागतं."

सासऱ्यांनी कवळी परत बसवली.

"म्हणून तर मी तिच्या ग्लासात साधं पाणी मिसळायचो," ते म्हणाले. "सवय जात नाही. तुमच्या ग्लासात जातं ते."

६

तिचं टेबल मी आठ महिने उघडलं नव्हतं. खोलीत झाडू मारायचो तोही टेबलापर्यंत.

खाली वाकलो. मागे वायरींचा गुंता होता, आणि गुंत्यात साबणाच्या वडीएवढी एक काळी डबी. तिच्यावर हिरवा दिवा लुकलुकत होता.

"हा दिवा?" सासरे मागून म्हणाले. "मी पुसतो की रोज. बंद नाही केला. ती म्हणाली होती, बाबा, याला हात लावायचा नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही कुठे विचारलंत?"

खरं होतं. दर सोमवारी सकाळी ती चहा घेऊन इथे बसायची आणि मी आंघोळीला जायचो. सगळ्या साइट तपासते, एवढंच मला माहीत होतं. कशा तपासते, ते पंधरा वर्षांत विचारलं नाही.

डबी लॅपटॉपला जोडली. प्रोग्राम तिचाच होता, साधा. दर सोमवारी सात दहाला सगळ्या गिऱ्हाइकांच्या साइटवर जायचं आणि खऱ्या माणसासारखा फॉर्म भरायचा. बाकी पाच जणांचे नुसते चौकशीचे फॉर्म होते, त्यांच्या चाचण्या तिच्या मेलबॉक्समध्ये साचून राहिल्या होत्या. तोही मी उघडला नव्हता. दवाखान्याची मात्र पुरी अपॉइंटमेंट घ्यायची, गुरुवारची, अकरा वीसची. पहाऱ्यातून जायची किल्ली तिच्याकडे होतीच. नावं एका यादीतून. नंबर चाचणीसाठी घेतलेल्या जुन्या सिमचा, ज्याचं रिचार्ज मीच थांबवलं. तक्रारीच्या जागी काहीतरी लिहायचं म्हणून तिने स्वतःची दाढ लिहिली असणार.

नोंद बरोबर चढली की ती हाताने रद्द करायची. यंत्राने लिहायचं, माणसाने खोडायचं.

इथपर्यंत आलो आणि हात थांबला. ती गेल्यापासून आठ महिने दर सोमवारी ही डबी लिहीतच होती. मग तीनच गुरुवार का? आधीचे सात महिने कोण खोडत होतं?

'तेव्हा तुम्ही तिथे नोकरीला होतात.' 'बरोबर.'

मी आणि डॉक्टरीणबाई, दोघांनीही एकच गोष्ट धरली होती: ताई गेल्या आणि कुणीतरी काहीतरी सुरू केलं. सुरू कुणीच काही केलं नव्हतं. ताई गेल्या आणि काहीतरी करायचं थांबलं. सोमवार: नेहमीचं करणे.

रद्द झालेल्या नोंदी यादीत दिसत नाहीत, पण त्या असतात. खोडायचं म्हणजे पुसून टाकायचं नाही, हाही तिचाच नियम. मी त्या काढल्या. कारणाच्या रकान्यासकट.

एकतीस सोमवार, सकाळी नऊ वाजून काही मिनिटं, दवाखान्याच्या काउंटरवरून. एकतीस वेळा एकच कारण.

'मॅडम, पोचलं.'

त्याच्या वर तिची स्वतःची कारणं होती. शंभरावर. ती वाचायला मला रविवार पुरला.

७

सोमवारी सात दहाला मी डबीशेजारी बसलो होतो. दिवा तीनदा भरभर लुकलुकला. दवाखान्यात एक नोंद चढली. मी ती तशीच ठेवली आणि दहा वाजता लॅपटॉप घेऊन डॉक्टरीणबाईंच्या समोर गेलो.

"ओळ आणलीत?"

मी कागद दिला. त्यांनी मोठ्याने वाचला. "तीन गुरुवारच्या खोट्या नोंदी माझ्या घरातल्या यंत्रावरून आल्या. काउंटरवरच्या ताईंचा यात दोष नाही. उलट सात महिने हा घोटाळा त्यांनीच होऊ दिला नाही. दोष माझा." खाली माझी सही होती.

"म्हणजे तीन गुरुवार माझी खुर्ची तुमच्यामुळे रिकामी?"

"हो."

"आणि त्यांना माहीत होतं तर मला सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही विचारलंत का त्यांना? मी तर विचारलंही नाही. जाऊन सरळ आरोप केला."

त्यांना राग आला. यायलाच हवा होता. त्यांनी स्वस्तवाल्याचं नाव घेतलं, आठ दिवसांत सगळं करून देतो म्हणाला, म्हणाल्या. मी म्हटलं, देईल. मग लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला आणि त्या दिवशीची नोंद रद्द करायला घेतली. चौकट उघडली: कारण लिहा. खाली मी काढून ठेवलेली जुनी कारणं दिसत होती. तुमच्या डोळ्यांनी खात्री करा, म्हटलं.

ताईंची एकतीस त्यांनी भराभर बघितली. मग वर गेल्या आणि त्यांचा वेग कमी झाला.

'चालू आहे.'

'चालू आहे.'

'चालू आहे. आठवण उशिरा गेली, दुरुस्त केलं.'

'चालू आहे. दाढ एकदा दाखवायला हवी.'

'चालू आहे. या गुरुवारी खरंच जाणार होते, फुलवालीची साइट बंद पडली.'

'चालू आहे. दाढ पुढच्या आठवड्यात नक्की.'

'चालू आहे. दाढ राहिलीच.'

दर आठवड्याला तिने स्वतःच्या दाढेची वेळ घेतली होती आणि दर आठवड्याला स्वतःच्या हाताने खोडली होती. कधी कामासाठी, कधी काहीच कारण नसताना. दोन वर्षं. शेजारच्या खोलीत मी आंघोळ करत होतो.

ती ज्याने गेली त्याचा दाढेशी काही संबंध नव्हता. ते मला कळतं. तरी.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "महिनाभर त्या माझ्या बाहेरच्या खोलीत बसून हे सगळं बसवत होत्या. मी दिवसातून दहादा समोरून जायचे. एकदा तरी म्हणायचं." त्यांनी खुर्चीकडे बघितलं. "वीस मिनिटांचं काम होतं हो."

मला त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं, की तुम्ही तरी विचारायचंत. पण विचारायचं कुणी होतं, ते मला माहीत होतं.

मी कारण लिहिलं, 'चालू आहे.' नोंद गेली. गुरुवारची अकरा वीस मोकळी झाली.

"त्या शिक्षिकाबाईंना द्या ही वेळ," मी म्हणालो.

"त्यांना मी आजच बोलावलंय. गुरुवारी दुसरं कुणीतरी येईल." मग त्यांनी दवाखान्याचा कागद ओढला आणि ताईंचं पत्र माझ्यासमोरच लिहिलं. चार ओळींचं. चांगलं होतं. माफीचा शब्द त्यात नव्हता; तशा त्या नाहीत. मला म्हणाल्या, "काम तुमच्याकडेच राहू दे. पण तुमच्या घरातून काय काय आपोआप चालतं आणि ते कोण थांबवतं, याची यादी मला शुक्रवारी हवी. माणूस काय, कधीही जातो."

बाहेर मी नव्या बाईकडून वही मागून घेतली. 'नेहमीचं करणे' च्या खाली लिहिलं: सोमवारी सात दहाला दाढेची नोंद येते. ती आमच्या घरून येते. रद्द मी करतो. नऊपर्यंत नाही केली तर मला फोन करा. खाली नंबर.

तिने वाचलं. "म्हणजे झाडाला पाणी नाही घालायचं?"

"ते प्लास्टिकचं आहे."

"तरीच," ती म्हणाली.

८

पत्र घेऊन मीच चष्म्याच्या दुकानात गेलो. मालकाच्या हातात दिलं आणि त्याच्या देखतच ताईंची माफी मागितली, कारण आरोप त्याच्या देखत केला होता. ताईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मालक पत्र वाचत मागे गेला, तेव्हा म्हणाल्या, "हॉस्पिटलमधून फोन आला होता मॅडमचा. म्हणाल्या, चार दिवस सोमवारचं तेवढं बघा. ह्यांना सांगू नका, आधीच धावपळ चाललीय त्यांची."

"चार दिवस म्हणाली?"

"चार दिवस. मग त्या गेल्या. म्हटलं, सांगितलं तर तुम्ही बंद कराल. दर सोमवारी नऊला ते दिसलं की वाटायचं, आल्या मॅडम, काम तपासून गेल्या." त्यांनी काउंटरवरचा एक चष्मा सरळ केला. "नव्या बाईसाठी वहीत लिहिलं होतं मी."

"नेहमीचं करणे."

"मग? नेहमीचंच होतं ना ते."

मी हो म्हणालो. जायला निघालो तर त्यांनी थांबवलं.

"सर, आता सोमवारचं कोण करतं?"

"मी."

"कारण काय लिहिता?"

"आज 'चालू आहे' लिहिलं."

त्यांनी मान हलवली, बरोबर म्हणाल्या, आणि मग काउंटरच्या त्या बाजूने माझ्याकडे नीट निरखून बघितलं, गिऱ्हाइकाकडे बघावं तसं.

"आणि तुमचे दात कधी दाखवलेत शेवटचे?"